ऑलिंपिकवीर कै. खाशाबा दादासाहेब जाधव

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा प्रघात आपल्याकडे जुना आहे. अशा चरित्रांचे नायक बहुधा राजे, सरदार, संत अथवा समाजसुधारक असतात. या वेळी आम्ही एका मल्लाचे चरित्र देत आहो. तो मल्ल हत्तीसारखा धिप्पाड नव्हता. त्याची उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर होती आणि ज्या दिवशी त्याने जगात नाव मिळविले त्या दिवशी त्याचे वजन सत्तावन्न किलोच्या आत होते. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या लहानशा खेड्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा. स्वतंत्र भारताला ऑलिंपिक क्रीडास्पर्धेतील पहिले वैयक्तिक पदक त्याने मिळवून दिले. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

जाधव हे आडनाव आपल्या धावडा आणि भोकरदन भागात कोणास नवे नाही. लखुजी जाधवरावांचे सिंदखेड तर जालन्यापासून फार दूर नाही. तथापि आडनावावरून नाते जोडून मोठेपणा मिरवावा, असा या लेखाचा हेतू नाही. खाशाबांचे चरित्र आपल्यापुढे ठेवण्याचे खरे कारण वेगळे आहे. या मनुष्याच्या पराक्रमाइतकीच, तो पराक्रम करण्यासाठी त्याला पैसा कोठून मिळाला, कोणी दिला, कोणी नाकारला आणि त्याने तो कसा फेडला, ही हकीकतही प्रत्येक समाजसंस्थेने ऐकण्याजोगी आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर वसलेल्या कऱ्हाड शहरालगतच हे गाव आहे. वडील दादासाहेब हे स्वतः कुस्तीगीर होते आणि पाच मुलांपैकी खाशाबा हे सर्वांत धाकटे. त्या काळी कृष्णाकाठच्या शेतकरी घरात मुलाला तालमीत घालणे ही काही विशेष गोष्ट मानली जात नसे. पहाटे उठून जोर काढावे, बैठका माराव्यात, आखाड्यातील माती खोऱ्याने उकरून मऊ करावी आणि मग थोरल्यांच्या अंगाशी झटावे, हा दिनक्रमच असे. दादासाहेबांनी धाकट्या मुलास लहानपणापासून या मातीत उतरविले. आठव्या वर्षी या मुलाने परिसरातील एका नावाजलेल्या पोरास दोनच मिनिटांत चीत केले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला तरी मुलाच्या अंगी विलक्षण चपळाई होती, हे पुढील सर्व आयुष्याने सिद्ध केले आहे.

माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. सन १९४० ते १९४७ हा तो काळ. साताऱ्याच्या इतिहासात ही वर्षे साधी नव्हेत. सन १९४२ च्या चळवळीने सारा जिल्हा पेटला होता आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार त्याच मुलखात उभे राहिले. शाळकरी खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणे, चिठ्ठ्याचपाट्या पोहोचविणे अशी कामे केली. अंगात रग असलेल्या त्या वयाच्या मुलांनी तेव्हा साताऱ्यात दुसरे काय करावे? परदेशच्या मैदानावर आपला झेंडा उभारला जावा, ही ईर्ष्या त्यांच्या मनात याच दिवसांत रुजली असावी. बेलापुरे गुरुजी आणि बाबूराव बलवडे यांचे मार्गदर्शन त्यांस कुस्तीत लाभले.

पुढे कोल्हापूर. कुस्तीच्या दृष्टीने कोल्हापूरचे माहात्म्य काय आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. परंतु खाशाबांच्या आयुष्यात त्या संस्थानाने जे काम केले ते समजण्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लविद्येस जो आश्रय दिला तसा हिंदुस्थानात फार थोड्या राजांनी दिला. त्यांच्या कारकिर्दीत, सन १९१२ मध्ये, खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. प्रेक्षक चोहोबाजूंनी उंचावर आणि मल्ल मध्यभागी हौद्यात, अशी त्या मैदानाची रचना आहे. पंजाबापासूनचे मल्ल तेथे येऊन लढत. गावोगावच्या गरीब मुलांना तालमीत राहण्याची व खुराकाची सोय होत असे. म्हणून खाशाबा राजाराम कॉलेजात दाखल झाले तेव्हा ते केवळ शिक्षणासाठी आले होते असे म्हणता येणार नाही. ते मल्लविद्येच्या पंढरीस आले होते.

येथे एक प्रसंग सांगितला जातो. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास खाशाबा गेले असता क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या किरकोळ अंगकाठीकडे पाहून नाव घेण्यास नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले व परवानगी घेऊन आले. मग आखाड्यात त्यांनी आपल्याहून अंगापिंडाने भारी अशा गड्यांना एकामागून एक पाठीवर घातले. या प्रसंगात त्या शिक्षकांची चूक होती असेही म्हणवत नाही. आपल्याकडील मातीच्या कुस्तीत वजनाचे गट नसतात. पंच मंडळी दोन गडी समोर उभे करून, नजरेने जोखून जोड ठरवितात, आणि मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती नेहमी भारी मल्लांची असते. आपल्या मराठवाड्यातही यात्रा म्हटली की नारळावरच्या कुस्त्या पोरांच्या आणि हलगी जोराने कडाडू लागली की पुढे येणारे दोघे पहाडासारखे, असेच चित्र आपण पाहत आलो आहो. हलक्या वजनाच्या मल्लास आपल्या फडात कौतुक मिळते, पण मान मिळत नाही. खाशाबांस जन्मभर या गोष्टीचा अनुभव आला, असे आमचे मत आहे.

परंतु ऑलिंपिकचा दंडक निराळा. तेथे प्रत्येकाचे वजन काट्यावर होते आणि बावन्न किलोच्या गड्यास बावन्न किलोचाच गडी मिळतो. जेथे केवळ वजनाने बाजी मारता येत नाही तेथे चपळाई, दम आणि डाव यांचीच खरी परीक्षा होते. हे मैदान खाशाबांसाठीच आखल्यासारखे होते.

सन १९४८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ या दोन्ही वर्षी त्या होऊ शकल्या नव्हत्या. देश स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते. खाशाबांची निवड फ्लायवेट म्हणजे बावन्न किलोच्या गटात झाली आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. येथे आपल्या भागातील वाचकांच्या मनात सहज एक गोष्ट येईल. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कऱ्हाडचा हा तरुण लंडनमध्ये तिरंग्याखाली उतरला होता, तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातच होता. रझाकारांचा अंमल गावोगाव जाणवत होता आणि भारतीय फौजा यावयास अद्याप सप्टेंबर उजाडावयाचा होता.

लंडनला पोहोचल्यावर खाशाबांस प्रथम कळले की, येथे मातीच नाही. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते. माती पायाला धरून ठेवते, अंगाला चिकटते, घामेजलेल्या हाताला पकड देते. गादी यांपैकी काहीच करीत नाही. मातीत अर्धा-पाऊण तास झुंजून प्रतिस्पर्ध्यास थकवावे आणि मग डाव टाकावा, ही आपली रीत. गादीवर ठराविक मिनिटे संपली की पंच गुण मोजतात. पाठ न लावताही कुस्ती जिंकता येते आणि पाठ न लागताही हरता येते. जन्मभर पोहणाऱ्यास एकाएकी बर्फावरून चालावयास सांगावे, तशी ही अवस्था होती. रीस गार्डनर या माजी लाइटवेट जगज्जेत्याने त्यांस तेथे काही धडे दिले. तेवढ्या अल्प तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस याला काही मिनिटांत लोळविले आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यालाही हरविले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांची मात्रा चालली नाही. त्यांचा सहावा क्रमांक आला.

दुसरा कोणी असता तर सहाव्या क्रमांकाचे सत्कार घेत राहिला असता. खाशाबा परत आले आणि पुढील चार वर्षे त्यांनी स्वतःस अक्षरशः पिळून काढले. मातीतला खुराक आणि मेहनत त्यांनी कायम ठेवली. जोर-बैठकांचा आकडा वाढविला. गादीवरच्या कुस्तीचे मर्म आता त्यांस कळले होते आणि त्यासाठी त्यांनी आपल्या ढाकेला धार लावली. ढाक हा डाव आपल्या तालमीत सर्वांस ठाऊक आहे. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून, त्याला कमरेवर घेऊन जमिनीवर आदळावयाचे, हे त्याचे स्वरूप. हा डाव बसला की गुण मोजीत बसण्याचे कारणच उरत नाही. एव्हाना त्यांचे वजनही वाढून ते बँटमवेट म्हणजे सत्तावन्न किलोच्या गटात आले होते.

या चार वर्षांत आणखी एक बदल झाला आणि तो त्यांच्या हातचा नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झाले, याविषयी कोणाचे दुमत नसावे. परंतु ज्या दरबारातून एका शेतकऱ्याच्या पोराला लंडनचा खर्च मिळाला होता तो दरबार आता राहिला नव्हता, आणि त्याच्या जागी आलेल्या सरकारी कचेरीत मल्लाच्या खुराकासाठी वा प्रवासासाठी कोणते खाते आहे, हे कोणासच सांगता येत नव्हते. सन १९५२ मध्ये खाशाबांच्या वाट्यास जे हाल आले त्यांचे मूळ बहुतांशी येथे आहे. एका माणसाची दुष्टबुद्धी शोधण्यात अर्थ नाही. जुना आश्रय मोडला होता व नवा अद्याप उभा राहिला नव्हता.

पहिली अडचण निवडीची. मद्रास येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांस एका गुणाने पराभूत ठरविण्यात आले. हा निर्णय पक्षपाती होता अशी त्यांची तक्रार होती. गुण ही वस्तू अशी आहे की पंचाच्या लेखणीतून ती कमी-अधिक होऊ शकते. पाठ लागलेली असली तर वाद राहत नाही. खाशाबांनी रडगाणे गायिले नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे न्याय मागितला. महाराज कुस्तीचे शौकीन होते आणि देशाच्या क्रीडाक्षेत्रात त्यांच्या शब्दास वजन होते. त्यांनी ऑलिंपिकच्या निवड कुस्त्यांत खाशाबांस संधी मिळवून दिली. तेथे खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास असे चितपट केले की गुणांचा प्रश्नच निकालात निघाला. निवड पक्की झाली.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. हेलसिंकी हे फिनलंड देशाच्या राजधानीचे शहर. निवड झालेल्या मल्लाने तेथे जाण्याचा खर्च स्वतः उभा करावयाचा होता. आजच्या वाचकास हे चमत्कारिक वाटेल, पण तसेच होते. मुंबई राज्य सरकारकडे चार हजार रुपयांसाठी विनंती करण्यात आली. स्पर्धा आटोपल्यानंतर या, अशा अर्थाचे उत्तर मिळाले असे सांगतात. स्पर्धेला जाण्यासाठी मागितलेले पैसे स्पर्धा झाल्यावर मिळून काय उपयोग, हा विचार उत्तर देणाऱ्याच्या मनात आला नसेल काय? घरच्या मंडळींनी गावात वर्गणीसाठी दारोदार झोळी फिरविली. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या सामान्य माणसांनी ज्याला जे जमेल ते दिले.

तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी जे केले ते महाराष्ट्राने कधी विसरू नये. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. १९५२ सालचे सात हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम, याचा हिशेब आपल्या वडीलधाऱ्यांस विचारावा. खर्डेकर हे कोणी सावकार नव्हते, संस्थानिक नव्हते. मुलगा पदक घेऊन येईल याची त्यांस कोणी हमी दिली नव्हती. हरून आला असता तर घर जाण्याचा प्रसंग होता. आपल्याकडे गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार दरवर्षी होतात, शाल आणि श्रीफळ दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु यश मिळाल्यावर दिलेली शाल आणि यश मिळण्यापूर्वी दिलेले भाडे, यांतील अंतर खर्डेकरांस जितके कळले होते तितके फार थोड्यांस कळते.

हेलसिंकी येथे जुलै १९५२ मध्ये स्पर्धा सुरू झाल्या. सोव्हिएत रशिया प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता व त्याचे मल्ल कसून तयार केलेले होते. जपान महायुद्धानंतर प्रथमच परतला होता. भारतातून गेलेल्या मल्लांत कोल्हापूरचेच केशव माणगावे हेही होते. ते फेदरवेट गटात लढले आणि पदकाच्या अगदी उंबरठ्यावरून परतले. म्हणजे त्या वर्षी एकट्या कोल्हापूरच्या तालमींतून दोन पदके यावयाची होती, त्यातील एक थोडक्यात हुकले.

खाशाबांनी प्रारंभी कॅनडाचा ॲड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ या तिघांना हरविले. गादी आता त्यांस परकी राहिली नव्हती. त्यानंतर गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ही कुस्ती पूर्ण पंधरा मिनिटे चालली. कोणीही कोणाची पाठ लावू शकला नाही आणि अखेर गुणांवर इशी विजयी ठरला. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक ते याच इशीचे. यावरून खाशाबांपुढचा गडी किती तोलाचा होता हे ध्यानी यावे.

आणि येथेच तो प्रकार घडला ज्याची हळहळ पुढे त्यांच्या चाहत्यांना कायम लागून राहिली. दोन कुस्त्यांमध्ये मल्लास अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. इशीशी पंधरा मिनिटे झुंजून अंग ढिले पडलेले असताना खाशाबांस लगेच पुढील कुस्तीसाठी पुकारण्यात आले. समोर सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह. नियमावर बोट ठेवून पंचांना अडविणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, थकलेल्या मल्लाने कोणाशी वाद घालावा? खाशाबा उतरले आणि हरले. मामेदबेकोव्हला रौप्य, इशीला सुवर्ण आणि खाशाबांस कांस्य मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ हा होता. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता की नाही, हे सांगणे कठीण. परंतु घर गहाण टाकून मनुष्य पाठवावा आणि त्याच्यासोबत गेलेल्या व्यवस्थापनाने ऐन वेळी जागेवर नसावे, हे काही शोभादायक नव्हे.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने हॉलंडचा सहा विरुद्ध एक गोलांनी पराभव करून सुवर्णपदक जिंकले आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. हॉकीचा तो पराक्रम थोरच होता. परंतु एकट्या माणसाने स्वतंत्र भारतासाठी मिळविलेले पहिले ऑलिंपिक पदक त्या जल्लोषात झाकले गेले, ते फार वर्षे झाकलेलेच राहिले. पूर्वी १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड याने धावण्यात दोन रौप्यपदके मिळविली होती. पण तो काळ ब्रिटिश अंमलाचा. खाशाबांनंतर भारतास वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडले, जेव्हा लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ मध्ये सुशीलकुमार यांनी आणले, म्हणजे छप्पन्न वर्षांनंतर. छप्पन्न वर्षे या खंडप्राय देशात गोळेश्वरच्या त्या पोराला जोड मिळाली नाही.

दिल्लीत मान मिळो वा न मिळो, कऱ्हाडात मात्र तो भरभरून मिळाला. खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोक त्यांस आणावयास गेले होते. कऱ्हाडहून गोळेश्वरास जावयास पायी फारसा वेळ लागत नाही. पण ती मिरवणूक कित्येक तास चालली. ढोल-लेझीम, गुलाल, दारोदार ओवाळणाऱ्या आयाबहिणी, असा तो थाट होता. ज्यांनी चार-चार आणे वर्गणी दिली असेल त्यांचाही त्या पदकात वाटा होता, आणि तो त्या दिवशी त्यांस मिळाला.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, त्यात स्वतः लढले, जिंकले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकर सरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. या एका कृतीत त्या माणसाची सारी ओळख आहे. आमच्या अल्प मतीस विचाराल तर हेलसिंकीच्या कांस्यपदकापेक्षा कोल्हापूरचे हे मैदान आम्ही मोठे मानतो. पदक मिळविण्यास शरीराचे बळ लागते. गळ्यात हार पडत असताना आधी ऋण आठवण्यास दुसरेच काही लागते, आणि ते तालमीत शिकविता येत नाही.

सन १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. खात्याच्या अनेक स्पर्धा त्यांनी गाजविल्या आणि पुढे तरुण पोलिसांस शिकविले. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये जाण्याची त्यांची जिद्द होती; पण गुडघ्यास झालेल्या गंभीर दुखापतीने तो मार्ग कायमचा बंद झाला. तीस वर्षांच्या ऐन उमेदीत मल्लाचा गुडघा जावा, याचे दुःख ज्यांनी लांग चढविली आहे त्यांसच कळेल.

याच सुमारास देशी कुस्तीस नवे वैभव येऊ लागले. हिंदकेसरी किताब सुरू झाला. १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा आपल्या जवळच, तेव्हाच्या औरंगाबाद शहरात झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, मारुती माने ही नावे घरोघर गेली. हे सर्व भारी वजनाचे, दिसावयासही भव्य मल्ल. आंदळकर व माने यांनी १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेतही पदके आणली. त्यांच्या थोरवीस यत्किंचितही उणेपणा न आणता असे म्हणावेसे वाटते की, गदा आणि फेटा यांच्या त्या झगमगाटात सत्तावन्न किलोचा, गुडघा दुखावलेला, वर्दीतला एक फौजदार कोणाच्या नजरेत भरला नाही.

नोकरीतही फार काही वेगळे घडले नाही. सत्तावीस वर्षे त्यांनी सेवा केली. बढती मिळण्यास फार उशीर झाला आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा सेवेचे थोडेच दिवस उरले होते. निवृत्तिवेतनासाठीही त्यांस खेटे घालावे लागले. एके काळी चार हजार रुपयांसाठी ज्या प्रकारच्या दारांत उभे राहावे लागले होते, तशाच दारांत उतारवयात पुन्हा उभे राहावे लागले. सन १९८२ मध्ये दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्या वेळी क्रीडाज्योतीच्या दौडीत त्यांचा सहभाग होता. त्यांच्या हयातीत सरकारी पातळीवर झालेला तोच काय तो ठळक गौरव.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी मोटारसायकलच्या अपघातात खाशाबांचा अंत झाला. स्वातंत्र्यदिनाची पूर्वसंध्या होती. वय अवघे अठ्ठावन्न होते.

मरणानंतर सन्मान आले. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ या वर्षासाठी मिळाला. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. पुढे महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडादिन म्हणून पाळण्याचे ठरविले. गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा शासनाने २००९ मध्ये केली होती. ते काम इतके रेंगाळले की २०१७ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी हेलसिंकीचे पदकच लिलावात काढून त्या पैशातून संकुल उभे करण्याची तयारी जाहीरपणे बोलून दाखविली. पुन्हा एकदा प्रश्न पैशाचाच होता आणि पुन्हा एकदा तो घरच्यांनीच सोडवावा अशी वेळ आली होती. फरक इतकाच की, पहिल्या खेपेस गहाण पडले होते ते गुरूचे घर.

खाशाबांनी गोळेश्वरात स्वतःसाठी घर बांधले. त्या घरास त्यांनी ना आईवडिलांचे नाव दिले, ना देवाचे. दारावर नाव आहे, ऑलिंपिक निवास.